नियमाची रजा

आमच्या रेशीम गिरणीत तीनशे बारा बायका होत्या आणि मिन ल्येनचनला त्या सगळ्यांच्या तारखा पाठ होत्या. मध्ये एकच प्लायवूडची भिंत असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याचशा मलाही होत्या. मी गिरणीचा ग्रंथपाल. ग्रंथालय आणि दवाखाना मुळात एकच खोली. भिंत घालताना प्लायवूड कमी पडलं म्हणून वर हातभर फट राहिली, आणि त्या फटीतून एकोणीस वर्षं माझ्या पुस्तकांवर उकळत्या मुळ्यांची वाफ आणि मिन डॉक्टरचे प्रश्न येत राहिले. बायकांची उत्तरं दबक्या आवाजात असत. प्रश्नांना तसली लाज नव्हती.

"कधी आली? किती दिवस राहिली? रंग? गाठी पडल्या? दुखणं आधी का नंतर? दाबून बरं वाटतं का शेकून? जीभ काढ. अजून बाहेर. हं."

दिवसातून पंचवीस-तीस वेळा, बसचा कंडक्टर थांब्यांची नावं घेतो त्या सुरात. मग थोडा वेळ शांतता. त्या वेळात तिची तीन बोटं समोरच्या मनगटावर असत. मग चिठ्ठी फाडल्याचा आवाज.

ती चिठ्ठी म्हणजे रजा. आमच्याकडे या गोष्टीला नावं पुष्कळ आहेत, पण चारचौघांत आणि कागदावर चालणारं नाव एकच, 'नियमाची रजा'. गिरण्या सरकारी झाल्या तेव्हा, दुखणाऱ्या बाईला महिन्याला दोन दिवस रजा द्यावी असा नियम निघाला. डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच तो चालायचा, बहुतेकींसाठी राहिला कागदावर, पण बायकांनी त्यातला शब्द उचलला आणि त्या गोष्टीलाच चिकटवून टाकला. रजा आली, रजा लांबली, या खेपेला रजेनं जीव काढला. रजा आलेली बाई दिवसभर कामावर उभी असते, आणि रजा आली नाही म्हणून एखादी रडते, यात आमच्या गावात कोणाला काही विचित्र वाटत नाही.

उभं राहायचं ते गरम पाण्याच्या कुंडीसमोर. कोष त्या पाण्यात तरंगतात, बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं आणि यंत्राला द्यायचं. तुटलं की पुन्हा शोधायचं. आठ तास. हातांची बोटं उकडलेल्या मोमोसारखी पांढरी होतात, पाय रबरी बुटांत ओले असतात, आणि शिजलेल्या किड्यांचा वास केसांतून जात नाही. आमच्या गावात एखादी बाई गिरणीत आहे का, हे तिच्या मागून चालताना कळायचं.

मिन ल्येनचन ही गावातल्या औषधी दुकानातल्या नोकराची मुलगी. अक्षरं शिकण्याआधी ती औषधाच्या कपाटाचे खण शिकली. खेड्यात सात वर्षं खांद्यावर पेटी टाकून चिखलातून हिंडली, मग शहरात दोन वर्षांचा कोर्स केला आणि गिरणीत आली. नवरा मालवाहू नावेवर, महिन्यातून दोनदा घरी. मुलगा हांगचौ शहरात, वर्षातून दोनदा. ठेंगणी बाई, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. कोणी "कशा आहात?" असं विचारलं तर "दमलेय" म्हणायची. हे उत्तर तिनं १९७८ सालापासून बदललं नव्हतं, त्यामुळे ते खरं आहे की काय, हे पाहायला कोणी थांबत नसे.

भिंतीवर एक मोठी फळी होती, तिच्यावर तीनशे बारा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक निळं कार्ड. बाईनं तारीख सांगायची, डॉक्टरनं लिहायची, पुढं तिच्या भाषेतले दोन शब्द: 'रक्त कमी', 'थंडी बसली', 'राग अडकला'. शेवटचा शेरा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो एखाद्या कवितेतला वाटला होता. पुढं कळलं की ज्या महिन्यात सासू राहायला येते त्या महिन्यात तो हमखास असतो.

सगळं ठीक चाललं होतं असं नाही, पण चाललं होतं. मग १९९७ च्या ऑक्टोबरात थोंगसाहेब आले.

थोंगसाहेब ईशान्येकडच्या एका यंत्रांच्या कारखान्यातून उपसंचालक म्हणून आलेले इंजिनियर. माणूस वाईट नव्हता. पोटाच्या गोळ्या खायचा आणि सगळे कागद वाचायचा. आमच्या गिरणीत कागद वाचणारा साहेब कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे कोणाचीच तयारी नव्हती. एका सकाळी ते दवाखान्यात शिरले. हातात हजेरीची वही आणि फळीवरून आदल्या दिवशी काढून नेलेलं एक निळं कार्ड.

"मिन डॉक्टर, ही याओ चिंगमेइ कोण?"

"दुसऱ्या हॉलमध्ये. अकरावी कुंडी. का?"

"हिच्या कार्डावर आठवा महिना, बारा तारीख. हजेरी सांगते, बारा ऑगस्टला बाई सकाळची पाळी पूर्ण भरून गेली. आणि तेरा सप्टेंबरपासून, कार्डावर काही नसताना, दोन दिवस गायब. दुखणं एका तारखेला आणि रजा दुसऱ्या तारखेला! आणि ही एकटी नाही. मी चार दिवस घातलेत यात. एकीचंही जुळत नाही."

"तीनशे बारापैकी एकीचंही नाही?"

"एकीचंही नाही."

"मग साहेब, इतक्या बायकांत एकसुद्धा चुकून खरं बोलत नाही, याचं तुम्हाला नवल नाही वाटलं?"

भिंतीपलीकडे मी पुस्तक खाली ठेवलं.

"त्या चंद्राच्या तारखा आहेत," मिन डॉक्टर म्हणाली. "आठव्या महिन्याची बारा. म्हणजे शरदाच्या पुनवेआधी तीन दिवस. तुमच्या वहीत तेच तेरा सप्टेंबर. मोजून बघा."

थोंगसाहेबांनी बहुधा मोजलं, कारण हजेरीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सरकारी दवाखान्यात चांद्र तारखा? का पण?"

"बायका तशाच सांगतात. त्यांच्या आया तशाच सांगायच्या. चंद्र दिसतो, साहेब. सप्टेंबर कुठं दिसतो?"

"एकोणीस वर्षांत कोणी आक्षेप घेतला नाही?"

"एकोणीस वर्षांत कोणी वाचली नाहीत."

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांचा आवाज जरा खाली आला. चूक कळली की आवाज खाली येणारे साहेबही आम्ही फार पाहिलेले नव्हते.

"ठीक. पण हे दुसरं सांगा. इथं लिहिलंय 'थंडी बसली'. हॉलमध्ये मी स्वतः थर्मामीटर लावलाय. चाळीस डिग्री. तिथं थंडी कुठून बसते?"

"पायातून. दारातून. पाळी सुटली की ओल्या केसांनी सायकलवर बसते, तिथून. चाळीस डिग्रीत अंगाची भोकं उघडतात आणि कालव्यावरचा वारा आत जातो. तुम्ही एकदा तिच्या बुटांत पाय घालून बघा, थर्मामीटर राहू द्या."

"बरं." ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "सगळी कार्डं सरकारी तारखांत करून द्या. गेल्या दोन वर्षांची. स्वच्छ अक्षरात, तुमचं अक्षर मला लागत नाही. पंधरा दिवसांत."

"कशाला लागतात?"

"नव्वद जणींना उतरवायचंय."

'उतरणं' हा शब्द त्या वर्षी नवा होता. कामावरून काढणं असं कोणी म्हणत नसे. बाई जागेवरून उतरायची, बसमधून उतरावी तशी. फक्त थांबा कुठला, ते कोणी सांगत नसे.

"नव्वद कुठल्या, हे ठरवायला काहीतरी माप हवं," थोंगसाहेब म्हणाले. "वय धरलं की भांडणं. घरची परिस्थिती धरली की रडारड. ओळखी धरल्या की मला फोन. रजेचे दिवस हा आकडा आहे. सगळ्यात जास्त ज्यांचे, त्या आधी. आकड्याशी कोणी भांडत नाही."

ते गेल्यावर मिन डॉक्टर फळीपाशी जाऊन उभी राहिली असावी. खिळ्यांवरच्या कार्डांचा हलका खडखड आवाज आला. सगळ्यात भरलेलं कार्ड कुणाचं हे तिला बघायची गरज नव्हती. मलाही नव्हती.

याओ चिंगमेइ छत्तीस वर्षांची. कामाला हॉलमध्ये पहिल्या पाचांत, बोलण्यात पहिली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दवाखान्याची पायरी चढली नव्हती. एका दुपारी कुंडीपाशी दुमडून पडली, तेव्हा दोघींनी उचलून आणली. त्या दिवशी फटीतून जो आवाज आला तो मी विसरलेलो नाही. मिन डॉक्टरनं तिच्या बेंबीवर आल्याची चकती ठेवून तिच्यावर दवण्यासारख्या पाल्याची वात जाळली, घोट्याच्या वर चार बोटांवर अंगठा दाबून धरला, आणि तासाभरानं आवाज थांबला. मग ती म्हणाली होती, "हे एका दिवसाचं काम नाही. रजेच्या आधी सात दिवस काढा, रजेत दोन दिवस घरी, पोटावर शेक. ओल्यात हात नाही, डोक्यावरून पाणी नाही. तीन महिने, मग पुढचे तीन. दर महिन्याला चिठ्ठी घ्यायला यायचं. आली नाहीस तर हॉलमध्ये येऊन कान धरून आणीन."

"आणि खेकडे?" चिंगमेइनं विचारलं होतं. आमच्याकडे ताय-हू सरोवराचे खेकडे शरदात येतात आणि माणसं वर्षभर त्यांची वाट बघतात.

"खेकडा थंड असतो. नाही."

"टरबूज?"

"नाही."

"नवरा?"

"तो गरम असेल तर ठेव."

बाविसाव्या महिन्यापर्यंत चिंगमेइ त्या दोन दिवसांत उभी राहू शकत होती, हसू शकत होती. कार्डावर चव्वेचाळीस दिवस जमले होते. गिरणीत सगळ्यात जास्त. प्रत्येक दिवस डॉक्टरनं तिच्या मानेवर बसून घ्यायला लावलेला.

साहेबांच्या भेटीची बातमी हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीआधीच पोचली. दुपारी सगळी गिरणी अर्धा तास आडवी होते, त्या वेळात चिंगमेइ आली. मिन डॉक्टर नेहमीप्रमाणे टेबलावर डोकं ठेवून झोपलेली.

"डॉक्टर."

"हं."

"कार्डं हरवतात का कधी?"

"नाही."

"उंदीर खातात?"

"औषधाचा वास असतो त्यांना. उंदीर तोंड लावत नाही."

"बघा, म्हणजे उंदरांनासुद्धा अक्कल आहे. मी मात्र आले." चिंगमेइ हसत होती, पण ते हसणं मध्येच कुठंतरी अडकलं. "तुम्ही म्हणालात ये, मी आले. तुम्ही म्हणालात घरी पड, मी पडले. बाजूच्या कुंडीवरची फांग बारा वर्षं ओठ चावून उभी राहिली, तिच्या कार्डावर चार दिवस. ती राहणार, मी उतरणार. माझा नवरा मार्चमध्येच उतरलाय, ठाऊक आहे ना? पुलाखाली सायकली दुरुस्त करतो. पुलाखाली अजून तेरा जण सायकली दुरुस्त करतात. सायकली कमी आणि दुरुस्त करणारे जास्त."

"काढा घेतेयस?"

"मी काय बोलतेय आणि तुम्ही..."

"मीपण तेच बोलतेय. घेतेयस?"

"घेतेय," चिंगमेइ म्हणाली. मग हळू आवाजात, "डॉक्टर, मला बरं नाही व्हायचं. मला नोकरी पाहिजे."

मिन डॉक्टरनं तिच्या ओल्या बुटांकडे पाहिलं. म्हणाली, "जा. पाय सुकव."

दुसऱ्या दिवशी, त्याच झोपेच्या वेळेला, माझ्या दारात मिन डॉक्टर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन उभी. बाहेरून वळसा घालून माझ्या दारापुढच्या चार पायऱ्या चढतानाच तिला धाप लागली होती. चेहऱ्यावर रक्ताचं नाव नव्हतं. हे मला त्या शरदात बऱ्याचदा दिसलं होतं. विचारावं असं वाटायचं. पण जे प्रश्न विचारायला हवे होते ते ग्रंथपालानं विचारायचे नव्हते.

"पुस्तकवाले, तुमचं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"साहेबांसाठी. मी सांगते, तुम्ही लिहा. प्रत्येकीला महिन्याला दोन दिवस. कोणाला एक नको, कोणाला तीन नको. तारखा तेवढ्या वेगळ्या टाका, अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी पुढं सरकवा. शेरा सगळ्यांना 'ठीक'."

"सगळ्यांना?"

"नियमच तसा आहे ना? दोन दिवस. मी नियम पाळला."

"आणि हजेरीशी ताडून पाहिलं तर?"

"एकदा ताडून पाहिलंय त्यांनी. तोंडघशी पडले. इंजिनियर एकाच खड्ड्यात दोनदा जात नाही." ती खुर्चीत बसली. "आणि त्या हजेऱ्या मुकादम लोकांनी कशा खोट्या भरल्यात, ते त्यांना मी सांगायचं का?"

अकरा दिवस, दुपारी आणि पाळी सुटल्यावर, आम्ही ते काम केलं. ती डोळे मिटून नावं सांगायची, मी लिहायचो. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं चाळली आहेत, पण इतकं काल्पनिक काही माझ्या हातून लिहून झालं नव्हतं. तीनशे बायका, दोन वर्षं, एकीचाही एक दिवस मागं-पुढं नाही, कोणाचं दुखत नाही, कोणाचा राग अडकत नाही. मध्येच लक्षात आलं की मी एकीला वसंतोत्सवाच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, पहिल्या दिवशी रजा दिलीय, आणि त्या दिवशी गिरणीला कुलूप असतं.

"खोडू का?"

"राहू दे. सणाला येते म्हणून बायका वर्षानुवर्षं रडतात. निदान एक तरी खरी गोष्ट राहील त्यात."

कधी कधी नाव सांगता सांगता तिचा डोळा लागायचा. मग मी पेन ठेवून थांबायचो. फांगच्या नावाशी मात्र तिनं डोळे उघडले.

"हिला बारा वर्षं मी विचारतेय," ती म्हणाली. "'काही नाही डॉक्टर, ठीक आहे.' ओठाला दातांचा वण. हिलासुद्धा दोन दिवस लिहा. कधी मिळाले नाहीत, कागदावर तरी घेऊ दे."

शेवटी एक जुनं कार्ड उरलं, वरती मिन डॉक्टरचंच नाव. आत काहीही लिहिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं.

"आणि हे?"

"ते असू द्या तसंच."

"तुमची कधीच..."

"चिठ्ठी मीच द्यायची असते, पुस्तकवाले. स्वतःला कोण चिठ्ठी फाडतं?" ती उठली, टेबलाचा कोपरा धरून जरा वेळ उभी राहिली आणि भिंतीपलीकडे गेली.

कार्डं न्यायला थोंगसाहेब स्वतः आले. एक बघितलं, दुसरं बघितलं, मग पत्ते पिसल्यासारखी सगळी बघितली.

"हे सगळं सारखंच आहे."

"होय."

"याओ चिंगमेइ, दोन दिवस. फांग, दोन दिवस. हे कसं?"

"चांद्र तारखांमुळे तुम्हाला कमी-जास्त वाटलं असेल. चांद्र वर्षात कधी तेरा महिने येतात."

अशा वाक्याशी इंजिनियर भांडत नाही. ते खुर्चीत बसले आणि सवयीनं खिशातली पोटाची गोळी काढली. मिन डॉक्टरनं न विचारता त्यांचं मनगट ओढून कापडी उशीवर ठेवलं.

"हे काय?"

"बोलू नका." बराच वेळ गेला. "तार ओढून धरल्यासारखी आहे. रात्री एक ते तीन जाग येते. तोंड कडू. बायको-मुलं तिकडेच आहेत."

भिंतीपलीकडे मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"शेवटचं नाडीत कळतं?"

"ते शर्टाच्या तुटक्या बटणावरून कळलं. गोळी सोडा, ही पुडी देते. नव्वद माणसं उतरवायची म्हणजे यकृताला जड जाणारच."

त्यांनी पुडी घेतली. जाताना कोरं कार्ड त्यांच्या हाती लागलं. "हे कुणाचं?"

"माझं."

"एकोणीस वर्षांत एकही दिवस नाही?" ते मनापासून म्हणाले, "आदर्श आहात तुम्ही."

तो शब्द त्यांनी लक्षात ठेवला, हे पुढं कळलं.

नव्वदजणी उतरल्याच. रजेचा आकडा निरुपयोगी झाला, म्हणून तिसरा हॉल आख्खा बंद केला. ज्यांची कुंडी भिंतीच्या त्या बाजूला होती त्या उतरल्या, ज्यांची या बाजूला त्या राहिल्या. बायकांनी भिंतीशी भांडायचा प्रयत्न केला, पण तीही आकड्यासारखीच निघाली. चिंगमेइ दुसऱ्या हॉलमध्ये होती. फांगही. त्या राहिल्या.

मग डिसेंबरात नोटीस लागली. मी ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा मला ती विनोदी वाटली. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी पाहता गिरणीतल्या सर्व महिला कामगारांची प्रकृती एकसारखी व उत्तम आहे. जे सर्वांना सारखंच होतं त्याला आजार म्हणता येत नाही. सबब त्यासाठीची रजा पुढील वर्षापासून बंद. प्रकृती उत्तम असल्यानं स्वतंत्र दवाखान्याचीही गरज उरत नाही. एकही दिवस रजा न घेता एकोणीस वर्षं सेवा करणाऱ्या मिन ल्येनचन यांचा आदर्श सर्वांनी डोळ्यांपुढे ठेवावा. त्यांना वयाची पन्नाशी जवळ आल्यानं लवकर निवृत्त करण्यात येत आहे. त्याच आठवड्यात शहरातून लाल मखमलीची एक पताका आली, महिला आरोग्याबद्दल. ती दवाखान्याच्या दारावर टांगली. आत कोणी नव्हतं.

तिनं निरोपसमारंभ घेतला नाही. कापडी उशी आणि खलबत्ता पिशवीत घातला, फळीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "खिळे काढून ठेवा, कुणाला तरी लागतील." मी तसाच तिला सोबत करत पुलापर्यंत गेलो. पुलाखाली चौदा माणसं सायकली दुरुस्त करत होती. चिंगमेइच्या नवऱ्यानं पान्हा हातात घेऊन मान लववली.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"दमलेय," ती म्हणाली.

वसंतोत्सवाआधीच्या शेवटच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. दवाखान्याच्या कपाटामागं तिचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं, ते द्यायला. घर कालव्यावर, मागच्या पायऱ्या पाण्यात. तिनं धुरावलेल्या दाण्यांचा चहा ठेवला. आमच्याकडे चहा पिऊन झाल्यावर तळाचे हिरवे सोयादाणे खायचे असतात. न खाता उठणं म्हणजे परत येणार नाही असं सांगणं. मी खात होतो तेवढ्यात दार वाजलं.

चिंगमेइ. केस ओले, बोटं पांढरी, सरळ कामावरून. दाराची चौकट धरून उभी.

"डॉक्टर, माझी रजा आली."

"कुठनं आलीस?"

"कुंडीवरनं."

यावर तिघांपैकी कोणीतरी हसायला हवं होतं. मी चहात बघितलं.

"बस. कधी आली?"

"चोवीस जानेवारी."

मिन डॉक्टरनं डोळे वर केले. "आता तू सरकारी तारखा सांगायला लागलीस?"

"हॉलमध्ये साहेबांनी मोठं कॅलेंडर लावलंय. दुसरं काही दिसतच नाही." चिंगमेइ बसली, जरा दुमडूनच. "काढा गेल्या महिन्यात घेतला नाही. तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं. माझ्यापायी तुमचा दवाखाना गेला."

"तुझ्यापायी नाही. पुस्तकवाल्यांच्या अक्षरापायी. फार सुंदर काढलं. हात पुढे कर."

आलं चिरलं, पाल्याची वात लावली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मागून ओळखीचे प्रश्न आले: गाठी? आधी का नंतर? दाबून का शेकून? तोच सूर, फक्त आता भिंत नव्हती. उत्तरंही दबकी राहिली नव्हती. चिंगमेइला लपवायचं कोणापासून?

तासाभरानं तिचा चेहरा सुटा झाला. उद्या सकाळची पाळी होती, म्हणजे पाचला उठायचं. चिठ्ठी मिळणार नव्हती. मिन डॉक्टरनं पुड्या बांधल्या, "सात दिवस आधी," असं म्हणाली, आणि खुर्चीत मागं टेकली. डोळे मिटले तिचे.

चिंगमेइ निघाली नाही. ती डॉक्टरकडे बघत राहिली, जीभ बघावी तशी.

"तुमची कधी आली?"

"काय?"

"रजा. तुमची."

मिन डॉक्टरनं तोंड उघडलं. मग डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवू लागली. ती चांद्र महिने असेच मोजायची. अकरावा. दहावा. अंगठा थांबला, परत मागं आला, पुन्हा मोजू लागला. तीनशे बारा बायकांच्या तारखा मिटल्या डोळ्यांनी सांगणारी ही बाई, आणि तिचा अंगठा पेरापेरावर अडखळत होता.

"थांबली होती," ती शेवटी म्हणाली. "मग आली ती गेलीच नाही. नवव्या महिन्यापासून... नाही, आठव्या. ठाऊक नाही. लिहिलं नाही मी."

"रंग? गाठी?"

"गप बस."

"दाबून का शेकून?" चिंगमेइनं समोरची कापडी उशी ओढली, डॉक्टरचं मनगट धरून तिच्यावर ठेवलं आणि आपली तीन पांढरी, सुजलेली बोटं त्यावर टेकवली. तोंडावर भाव अगदी मिन डॉक्टरचा, खोटा गंभीर.

"वर नको," मिन डॉक्टर डोळे न उघडता म्हणाली. "हाडाच्या आतल्या बाजूला. इथं. हलकं ठेव. कोष नाही तो."

चिंगमेइनं बोटं सरकवली. खालून एक नाव गेली, तिच्या लाटा पायऱ्यांना लागून परत गेल्या.

"काय लागतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"टकटकतंय. बारीक."

"म्हणजे आहे अजून."

"हे शहरातल्या दवाखान्यात दाखवायचं," चिंगमेइ म्हणाली. "उद्या. नाही आलात तर कान धरून नेईन."

"उद्या तुझी सकाळची पाळी आहे."

"मग परवा." चिंगमेइनं हात सोडला नाही. "पुस्तकवाले, एक कागद द्या. आणि परवाची तारीख लिहा. चंद्राची."

मी आणलेल्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर, मिन ल्येनचन या नावापुढं, लिहिली.